पानावरचा आडवा हात

आमचे कवडूभाऊ माणसाला चेहऱ्यानं ओळखत नाहीत, पानावर आडव्या येणाऱ्या हातानं ओळखतात. परवा सौंदड स्टेशनवर एक बरे कपडे घातलेला माणूस त्यांना वाकून नमस्कार करून गेला. मी विचारलं, "कोण जी हे?" कवडूभाऊ कपाळाला आठ्या घालून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. गाडी आली, माणूस चढला, गाडी निघून गेली. मग म्हणाले, "चेहरा ध्यानात नाही येऊन राहिला. पण पंगतीत हा माणूस बोटं फाकवून हात ठेवते. असा हात ठेवणाऱ्याले मनातून बुंदी पायजे रायते."

मी बिछायतवाला. म्हणजे मंडप, खुर्च्या, सतरंज्या, गंज, बादल्या, ताटं भाड्यानं देतो आणि निम्मे चमचे गमावून घरी येतो. लोकांचे चमचे कुठं जातात हे मला या जन्मात कळलेलं नाही. पण धंदा असा की लग्न असो, तेरवी असो, जयंतीचं भोजनदान असो, मी तिथं हजर. आणि जिथं मी, तिथं कवडूभाऊ. त्यांना कोणी बोलावलं असेल नसेल, पंगत बसली की बुंदीची बादली त्यांच्याच हातात जायची. वरण कोणीही वाढो, भाजी कोणीही वाढो. बुंदीला दुसऱ्यानं हात लावला तर ते चारचौघांत विचारायचे, "काऊन बा, मी मेलो का?"

तसे ते राइस मिलमध्ये कामाला होते. दिवसभर कोंड्यात वावरणारा माणूस. भुवयांवरसुद्धा भुसा. पण पंगतीला निघाले की डोक्याला तेल, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. डाव्या हातात बादली, उजव्या हातात वाटी, आणि चाल अशी की नवरदेव मागं पडावा. कोणी पानावर हात आडवा धरला की ते उकिडवे बसायचे. त्याच्या डोळ्यांत बघायचे. "माह्या हातची नाही घेत का?" असं इतक्या पडेल आवाजात विचारायचे की समोरच्याला वाटावं आपल्या हातून खून झाला. त्याचा हात जरा ढिला पडला की दोन बोटांनी मनगट उचलून खाली वाटी रिकामी! मग लगेच पुढचं पान. मागं वळून बघायचं नाही. "वाढणाऱ्यानं मांगं पाहिलं तं खाणारा परत करते," हे त्यांचं शास्त्र.

आता शुगरचं सांगतो. आमच्या लहानपणी सगळ्या पंचक्रोशीत शुगर एकट्या मिलवाल्या शेठजींना होती. घरी मोटार, घरी टेलिफोन, तशी घरी शुगर. लोक कौतुकानं सांगायचे, "शेठचा चाय वेगळा बनते म्हणे, बिनसाखरेचा!" इतका पैसा आणि साखर नाही, याची आम्हाला मोठी गंमत वाटायची. शेठजी पंगतीला आले की कवडूभाऊ त्यांच्या पानाला हात जोडून पुढं जायचे. अख्ख्या गावात ती सवलत फक्त त्यांना होती.

मग हेडमास्तरांना झाली. मग ग्रामसेवकाला. मग किराणावाल्याला आणि त्याच्या बायकोला. तोवर कवडूभाऊ हसायचे. "बसून खाणाऱ्याचा रोग आहे जी," म्हणायचे, "आमाले काय होते?" पण एका लग्नात त्यांच्याच मिलमधल्या झिंगर हमालानं पानावर हात ठेवला. झिंगर म्हणजे पाठीवर पोतं घेऊन फळीवरून धावत चढणारा माणूस. कवडूभाऊंच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"तुले? तुले काऊन झाली? तू तं पोते उचलते!"

"मले काय माईत? दवाखान्याच्या बाईनं बोटाले सुई मारली आन् सांगितलन," झिंगर म्हणाला आणि मान खाली घालून भात कालवायला लागला.

त्या दिवशी कवडूभाऊंनी बुंदी अर्ध्यावर सोडली. घरी जाताना वाटभर माझं डोकं खाल्लं. त्यांना कारण पाहिजे होतं, आणि कारण सापडलं ते नेमकं माझ्या धंद्यात! पळसाच्या पत्रावळी गेल्या, स्टीलची ताटं आली, म्हणून शुगर आली. पत्रावळ गोड शोषून घ्यायची म्हणे, स्टील शोषत नाही. पुढं बुफे निघाला तेव्हा तर विचारूच नका. "उभ्यानं खाल्लेलं सीधं पायात उतरते. पायाले शुगर काऊन लागते, समजलं का आता?" मी सांगून पाहिलं की कवडूभाऊ, पूर्वी आपण साकोलीला पायी जायचो, आता गावच्या बोडीवर, शेततळ्यावर जायलाही मोटारसायकल काढतो. दिवसातून तीनदा पांढराशुभ्र भात खातो, आणि तो पांढरा करतं कोण, तुमचीच मिल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. दोन महिने माझ्या ताटांना शिव्या घालत राहिले.

एकदा टीव्हीवर बातम्यांत बाई सांगत होती की देशात शुगरवाले वाढले, गावखेड्यातही वाढले, पुढं आणखी वाढतील. कवडूभाऊ हॉटेलात उभे राहून टीव्हीवर खेकसले, "आता सांगून राहिली व्हय! आमच्या पंगतीत येऊन पायली असती तं कधीच समजलं असतं!" हॉटेलातले सगळे हसले. मीही हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं, हे खरं आहे.

कारण त्याच वर्षी सरपंचाच्या मुलाच्या लग्नात तो प्रकार झाला. पानापानावर हात आडवे यायला लागले आणि प्रत्येकापुढं उकिडवं बसून कवडूभाऊंचे गुडघे गेले. शेवटी त्यांनी सरळ माझा माइक ओढला. "ऐका जी! ज्यायले शुगर आहे त्यायनं डाव्या अंगाले बसा. बाकीचे उजव्या अंगाले. मले डोक्याले ताप नको."

कोणी हलेना. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मग हेडमास्तर उठले, धोतर सावरत डावीकडे गेले. मग झिंगर. मग एकेक करत रांग लागली. मधेच एक बाई उठली, तर तिच्या शेजारून नवराही उठला. दोघं तिथल्या तिथं भांडायला लागले. "तुमाले कधीपासून?" "तुले कधीपासून?" "मले सांगितलं काऊन नाही?" "तू सांगितली का?" मंडपात हशा पिकला. पण रांग थांबेना. आमच्यानंतर जन्मलेली, मिशीचा केस न पिकलेली माणसं खाली मान घालून जात होती. उजवीकडं राहिली लेकरं आणि थोडी तरणी पोरं.

कवडूभाऊ बादली घेऊन मधोमध उभे होते. ते कोणत्याच बाजूला बसले नाहीत, वाढपी ना ते. त्यांनी बादली खाली ठेवली, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि मला हळूच म्हणाले, "सारी पंगतच तिकडं गेली की जी." मला त्यांचा तो चेहरा अजून आठवतो आणि अजून वाईट वाटतं.

बुंदीचं हे वेड त्यांना उगाच लागलं नव्हतं. त्यांची मोठी बहीण भागरता. तिच्या लग्नात वऱ्हाड जास्त आलं आणि नवऱ्याच्या मामापर्यंत पोचायच्या आत बुंदी संपली. मामा पानावरून उठला. हातापाया पडून लग्न लागलं, पण भागरताबाईनं जन्मभर ऐकलं, "तुह्या बापाच्या घरची बुंदी पायली आमी." भाजीत मीठ जास्त पडलं तरी बुंदी, पोर रडलं तरी बुंदी. बिचारी तेच ऐकत ऐकत मेली. तेव्हापासून गावातल्या कोणत्याही पोरीच्या लग्नात बुंदीची बादली कवडूभाऊंनी सोडली नाही. शेवटच्या पानापर्यंत ते स्वतः नेत, आणि आपण न जेवता घरी जात.

म्हणून त्यांच्या ललिताच्या लग्नात जे झालं ते त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. ललिता त्यांची एकुलती एक मुलगी. सोयरीक अर्जुनी मोरगावची. इवाई, म्हणजे व्याही, मनिरामजी एकदम शांत माणूस. दहा शब्द आपण बोललो तर ते एकदा "बरं" म्हणायचे. पंगत बसली, कवडूभाऊ बादली घेऊन आले, आणि पहिल्याच पानावर इवायानं हात आडवा केला.

"नको जी. मले शुगर निंगाली."

कवडूभाऊंना फक्त 'नको' ऐकू आलं. ते पानापुढं उकिडवे बसले. "इवाई, काई चुकलं का जी आमचं?"

"नाही जी. डॉक्टर म्हणते..."

"माही पोरगी देलो जी मी तुमाले. तुमी गोडाले हात नाही लावला तं मी काय समजाचं?"

पंगत खायची थांबली. मागं बायका कुजबुजायला लागल्या. मनिरामजींनी कवडूभाऊंकडे पाहिलं, मग मान वळवून मांडवात बसलेल्या ललिताकडे पाहिलं. ती भेदरून इकडंच बघत होती. त्यांनी हात काढला. बुंदी खाल्ली, आणि वर स्वतःहून म्हणाले, "आनखीन वाढा." कवडूभाऊ तिथंच रडले. माझ्या मांडवात इतका देखणा प्रसंग झाला नव्हता, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग तो पायंडाच पडला. दिवाळी असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो, नवं धान घरी आलेलं असो, कवडूभाऊ डबा भरून बुंदी घेत, गाडीत बसून अर्जुनीला जात आणि इवायाला आपल्या हातानं घास भरवत. मनिरामजी खात. खाऊन झालं की कवडूभाऊ आधी ललिताच्या तोंडाकडे बघत, आणि मग त्यांचा जीव भांड्यात पडे. परतफेड म्हणून मनिरामजी त्यांच्यापुढं पेढे ठेवत. "आमच्याबी घरचं घ्या," एवढंच म्हणत. आणि कवडूभाऊ घेत.

एकदा मला गोंदियाला ताटं घ्यायला जायचं होतं. कवडूभाऊ म्हणाले, "मीबी येतो. दाढ दुखून राहिली." दाढेचा डॉक्टर साकोलीला असताना हा माणूस गोंदियाला कायले येतो, मला कळेना. स्टेशनवरून ऑटो केला. दवाखान्यात शिरल्यावर ते दाढेकडे न जाता भलत्याच रांगेत उभे राहिले. मी पाटी वाचली आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे बघायला लागले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सरपंचाच्या पोराच्या लग्नाच्या आधीपासून. बोंबलू नको."

मी काही बोलणार तेवढ्यात रांगेत पुढं उभ्या असलेल्या माणसानं मान वळवली. मनिरामजी! दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. आपल्या गावात कोणी बघू नये म्हणून एक सौंदडवरून आलेला, दुसरा अर्जुनीवरून.

"तुमी इकडं कसे जी, इवाई?" कवडूभाऊ.

"कंबर. तुमी?"

"दाढ."

आतून नर्सबाई ओरडली, "शुगरवाले काका लोग, सब खाली पेट आए हो ना? चाय-वाय तो नहीं पी?" दोघंही एकदम म्हणाले, "नाही पिलो जी!" आणि मग ते दोन म्हातारे त्या रांगेत इतके हसले, इतके हसले की कवडूभाऊंना भिंतीला टेकावं लागलं.

रक्त देऊन झाल्यावर बाहेर टपरीवर तिघं बसलो. दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला. आता एकमेकांना गोड द्यायचं नाही असं ठरलं. कवडूभाऊंचं हसू ओसरलं होतं. ते म्हणाले, "मंग इतके वर्सं खाल्ले काऊन जी तुमी? एक डाव बोंबलले असते माह्यावर."

मनिरामजी चहात बघत म्हणाले, "तुमच्या हातचं गोड सोडवत नाही जी. लय आवडते मले."

उठताना माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. चपलेत अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं आणि फडकं ओलं होतं. मी बोललो तर म्हणाले, "काटा रुतला, भरून येते." कवडूभाऊंनी त्यांना हाताला धरून पुन्हा आत नेलं. डॉक्टरांनी घरी जाऊ दिलं नाही. अंगठा गेला. मग पाऊल गेलं. मग गुडघ्यापर्यंत गेलं. कवडूभाऊ दर आठवड्याला अर्जुनीला जात होते, रिकाम्या हातानं. जाऊन खाटेजवळ बसायचे. धान कापणीला यायच्या आत मनिरामजी गेले.

मयतीहून येताना कवडूभाऊ मला म्हणाले, "म्या मारलो त्यायले."

मी म्हटलं, असं काही नसतं, साऱ्या देशाला झाली आहे, तुम्ही एकटे कुणाकुणाला मारणार? तर म्हणाले, "देशाचं मले नको सांगू. देशाले म्या घास नाही भरवला." मग दुपट्टा खांद्यावर सारखा करत, "पण एक आहे जी. आवडीचं खाऊन गेले. डॉक्टर नको म्हणे, तरी मन मारलं नाही त्यायनं." पुढचे दिवस ते हेच बोलत राहिले. मिलमध्ये, हॉटेलात, भेटेल त्याला. "आवडीचं खाऊन गेला माहा इवाई." तेवढाच त्यांना आधार होता.

तेरवीला भांडी माझीच गेली. पंगतीची तयारी झाली, बुंदीची बादली भरली, पोरांनी कवडूभाऊंपुढं आणून ठेवली. त्यांनी पायानं दूर सारली आणि चुलीजवळ जाऊन बसले. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं एक पान काढतात. त्याला जे आवडायचं ते त्यावर ठेवतात. मनिरामजींची बायको, आमच्या इहीणबाई, ते पान वाढत होत्या. भात ठेवला, वरण ठेवलं, वड्याची भाजी ठेवली आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा मोठा गोळा ठेवला.

कवडूभाऊ उठून जवळ गेले. "इहीणबाई, बुंदी ठेवा ना जी. त्यायले आवडे."

इहीणबाईंनी डोळे पुसत पुसत हसून मान हलवली. "ह्यायले? नाही जी, इवाई. गोडाचा तं वासबी चालत नव्हता ह्यायले. लहानपनापासून. चायबी जरासा गोड झाला तं ओतून देत. तुमी येऊन गेले का पयले मिरची मांगत, खराब तोंड साफ कराले." त्या नवऱ्याचं कौतुक सांगावं तसं सांगत होत्या. आपण काय बोललो हे त्यांना कळलं नाही, आणि पान घेऊन त्या अंगणाकडे गेल्या.

कवडूभाऊ तसेच उभे राहिले. घरात ललिताला चारही बाजूंनी हाका येत होत्या. दीर विचारत होता, वहिनी, पाहुण्यांना कुठं बसवू. चुलतसासरे विचारत होते, सूनबाई, पंगत सुरू करू का. कमरेला किल्ल्या खोचून ती सगळ्यांना उत्तरं देत फिरत होती. त्या घरात तिला कधी कोणी 'तुह्या बापाच्या घरची' असं म्हणालं नव्हतं. ते तिला बघत राहिले. ती जवळून गेली तेव्हा म्हणाली, "बाबा, बसून घ्या ना, पाय दुखतील." ते बसले नाहीत.

संध्याकाळच्या गाडीला आम्ही निघालो. ते खिडकीशी बसले. वडसा-गोंदियाच्या लोकांनी डबा भरलेला, गोंगाट चाललेला. सौंदड जवळ आलं. मी म्हटलं, "कवडूभाऊ, उतरायचं आहे."

"त्यायले आवडतच नव्हतं जी," ते म्हणाले.

मी खाली ठेवलेली पिशवी उचलली.

"मंग खाल्लन काऊन त्यायनं?" त्यांनी माझा हात धरला. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण माझ्याकडून काढून घ्यायचं होतं. शेवटी त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला आणि भरल्या गाडीत लहान लेकरासारखे हमसून हमसून रडायला लागले. गाडी थांबली, लोक उतरायला लागले, कोणी विचारलं "क्या हुआ चाचा को?" आणि कवडूभाऊ मलाच सांगत होते, "माह्या पोरीले कोनी बोलू नये म्हणून खाल्लन जी त्यायनं. माह्या पोरीसाठी खाल्लन."